सान्वीचा हात पुरेल असं बटण

डोंबिवली पूर्व
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय राजू,

सप्रेम जय भीम. मी आणि बाबा ठीक आहोत. तू, संचिता आणि सान्वी मजेत असाल. मी बाबांकडे राहायला आल्यावर तू माझा नंबर ब्लॉक केल्यामुळे डोंबिवलीहून ठाण्याला पोस्टाचं तिकीट लावावं लागतंय. असो.

पुण्याची नोकरी सोडून मी जूनमध्ये घरी आले. सुट्टीच्या दिवशी माझी इलेक्ट्रॉनिक्सची खटपट चालू असते, सध्या एलईडी मॅट्रिक्सचं वेड आहे. बारीक लाल ठिपक्यांचे चौकोन एकमेकांना जोडायचे, मोबाईलवरून ओळ पाठवायची, की ती पट्टीवर सरकत जाते. पहिल्यांदा वायर भलत्याच टोकाला जोडली, तर अक्षरं तुकडे होऊन डोक्यावर चालायला लागली. मग तेवढ्या उंचीत वेलांट्या मावेनात, म्हणून दोन रांगा एकावर एक लावल्या. पट्टी टीव्हीच्या वर बसवली. बाबा म्हणाले, "घराचा डेपो केलास."

खोपट डेपोत जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाचं सर्टिफिकेट! मी खूश.

एका रविवारी स्वयंपाकघरातून गंमत म्हणून पट्टीवर 'चहा टाकू?' असं पाठवलं. बाबा लगेच म्हणाले, "टाक. आलं घाल जरा." मी गॅससमोर उभीच राहिले. तोंडाने विचारलं की ते असं नेमकं उत्तर कधीच देत नाहीत. "हं, बरं," एवढंच. आपण त्याला त्यांचा स्वभाव म्हणत आलो. मी त्यांच्या मागे जाऊन ओरडून हाका मारल्या. मान वळली नाही. टीव्ही मात्र खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतका मोठा.

इतकी वर्षं इंजिनशेजारी बसल्यावर कान जाणारच, असं डॉक्टर म्हणाले. बाबांना ते माहीत होतं. सांगायची लाज वाटत होती. कानाचं मशीन आणलंय, ते कपाटात आहे.

आता मुद्द्याचं. तीन वर्षांपूर्वी सान्वीच्या नामकरणाचं बोलावणं द्यायला तू आला होतास. बाबांच्या चपला बाहेर, आत टीव्ही चालू. बेल वाजवून वाजवून तू परत गेलास आणि "त्यांनी मला दारातून हाकललं," असं मला कळवलंस. मी बाबांना फोनवर चांगलं झापलं. ते म्हणाले, "हं, बरं."

गेल्या महिन्यात मी पट्टीवर लिहिलं, 'राजू बोलवायला आला होता. बेल वाजवली होती.' बाबांनी वाचलं. "परत लाव," म्हणाले. परत लावलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाले, "मला वाटलं, मला सोडून सगळ्यांना बोलावलं." मला फार वाईट वाटलं, राजू.

बेल आता पट्टीला जोडली आहे. दाबली की 'दारात कोणीतरी आहे' असं सरकतं. बाबांनी खाली दुसरं बटण लावून घेतलंय, माझ्या कमरेच्याही खाली. ते दाबलं की 'सान्वी आली' उमटतं. रोज संध्याकाळी ते स्वतःच बाहेर जाऊन ते दाबतात आणि घाईघाईने आत येऊन वाचतात. विचारलं तर म्हणतात, "चालतंय का बघतो. वायरीचं काय सांगावं."

या वेळी बटण दाबून जरा थांब. बाबांना उठायला वेळ लागतो.

दाराच्या आतून,
मेघनाताई