मागच्या दाराची हाक

४ जून

आणि वेंडल म्हणतो, मी कुठेच टिकत नाही. खाणीत टिकला नाही, लाकडाच्या गिरणीत टिकला नाही, आता म्हणे नाटकं करायला चाललाय. खाण बंद पडली ती काय मी पाडली? मोठा भाऊ झाला म्हणून किती ऐकून घ्यायचं? केंटकीहून मॅसॅच्युसेट्सपर्यंत बसमध्ये मनातल्या मनात त्याच्याशीच भांडत आलो. उरलेलं या वहीत लिहितो, म्हणजे फोन करून शिव्या घालायला नकोत.

जागा मात्र झकास आहे. पेल्टन हाऊस, इंग्रज राजाच्या अमलातलं घर, आता म्युझियम. लोक तिकीट काढून येतात, आम्ही त्या काळचे कपडे घालून त्या काळचं जगून दाखवतो. माझी भूमिका अ‍ॅमॉस टुलीची. जहाजाच्या भाड्यापायी सात वर्षांच्या कराराने बांधलेला गडी. चुलीपाशी ओपल ड्यूहर्स्ट असते, साठीची, हातभर जीभ. मी तिला ओपलमावशी म्हणतो. ती म्हणाली की पोरा, या मोज्यांत तुझ्या पोटऱ्या कोंबडीच्या तंगड्या दिसतात, पण राहू दे, त्या काळी गड्यांना कोण पोटभर घालत होतं. मालकीणबाईचं काम यंदा कुणालाच दिलेलं नाही, पगाराला पैसे नाहीत म्हणे. लोकांनी विचारलं तर सांगायचं, बाईसाहेब वर आहेत, डोकं दुखतंय.

१२ जून

लाकडं फोडतो, चरबीत वाती बुडवून मेणबत्त्या करतो, लोक फोटो काढतात. नियम एकच, पण कडक. भूमिका सोडायची नाही. डोक्यावरून विमान गेलं तरी वर बघायचं नाही. कुणी पेट्रोलचा भाव विचारला तर विचारायचं, हे कसलं तेल, देवमाशाचं का?

आणि संध्याकाळी एक रीत. घरी जाताना मागच्या दारात बाहेर एकाने उभं राहायचं आणि आतल्याला त्याच्या खऱ्या, पूर्ण नावाने हाक मारायची. आतल्याने 'आलो' म्हणायचं आणि उंबरा ओलांडायचा. मग आतला बाहेर उभा राहून पुढच्याला बोलावतो. मी हसलो तर मावशी म्हणाली की हस बाबा, पण दिवसभर दुसऱ्याचं आयुष्य अंगावर घेतोस, ते उतरवायला कुणीतरी लागतंच. तिने कोल्बी रॅटलिफ असं खणखणीत म्हटलं आणि मी बाहेर आलो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२१ जून

मला जमतंय. आज एका बाईंनी डोळे पुसले, म्हणाल्या, या पोराचं वाईट वाटतं हो. वेंडलला दाखवायला पाहिजे होतं. आता झोपेतून उठवलं तरी तोंडून आधी अ‍ॅमॉसचंच बोलणं येतं. मावशी म्हणाली की जपून, हे काम अंगात मुरतं.

२७ जून

चूक झाली. एवढी काही मोठी नसावी.

मावशी अंगणात भांडी घासत होती, बाकीचे बाहेर पडले होते. मी मागच्या दारात तिच्या हाकेची वाट बघत उभा. तेवढ्यात वरून बाईमाणसाचा आवाज आला. अ‍ॅमॉस, पाणी आण. आणि मी सवयीने म्हणालो, आलो बाईसाहेब. घागर उचलून चार पायऱ्या चढलोसुद्धा. मग लक्षात आलं की वर कुणीच नसतं.

खाली आलो तर अंगणात मावशी नव्हती. मग माझा मीच बाहेर पडलो.

२८ जून

सकाळी मावशीने अ‍ॅमॉस म्हणून हाक मारली. घरात कुणी पाहुणा नव्हता. मी म्हटलं, मावशी, कोल्बी म्हण ना. ती म्हणाली की आज स्वारी भलतीच रंगात आलीय, हा कोल्बी कोण नवीन, तुझा जोडीदार का?

थट्टा असेल. तिला थट्टेची सवयच आहे.

फोन ज्या कपाटात ठेवतो ते कपाट सापडत नाही. तिथे पिठाचा कणगा आहे.

३० जून

संध्याकाळी मावशीने दारातून सगळ्यांना बोलावलं. मला नाही. मी मुकाट बाहेर पडलो, रस्त्याने निघालो. चर्च दिसलं, पूल दिसला, पुलापलीकडे परत पेल्टन हाऊसचंच कुंपण. पुन्हा निघालो. पुन्हा कुंपण.

मावशीने दार उघडलं. म्हणाली की पळालास ना, आता बाईसाहेब तुझ्या कराराचं एक वर्ष वाढवणार, वेड्या.

डोळ्यांत थट्टा नव्हती तिच्या.

२ जुलै

आज पाहुण्यांना सांगितलं. हात जोडले. मी अ‍ॅमॉस नाही, मला इथून न्या, केंटकीत माझा भाऊ आहे. एकाचा कोट धरून ठेवला.

त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला की पाहिलंस, एकदाही भूमिका सोडली नाही पठ्ठ्याने.

५ जुलै

पेन संपलं. पिसाने लिहितो. बाईसाहेब खाली येतात आता. चेहरा नीट बघवत — नाही बघायचं. पाणी न्यायचं, खाली मान घालून यायचं.

आज विमान गेलं असावं. आवाज कसला होता ते मला —

९ जुलै

पाहुणे कमी दिसतात. धुरातून दिसावेत तसे. माझं नाव कागदावर लिहायला बसलो, पहिलं अक्षर — मागची पानं उलटून बघितली. लिहिलंय तिथे. वाचता येतं. तोंडाने म्हणायला गेलो की अ‍ॅमॉस निघतं.

आपलं आपण म्हणून चालतच नाही. बाहेर उभं राहून दुसऱ्यानेच म्हणायला हवं.

तारीख ठाऊक नाही

पाहुण्यांतली एक बाई हसत म्हणाली, दे तुझं पत्र, टाकते पेटीत. तिला मजा वाटतेय. वाटू दे. पानं फाडून देतोय.

वेंडल, भांडण राहू दे. तू म्हणशील ते खरं. तू ये. मागच्या दारात उभा राहा, बाहेर, आत पाऊल टाकू नकोस, आणि माझं नाव घे. पूर्ण. तुला येतं ते. मी 'आलो' म्हणेन, दुसरं कुणी आधी 'आलो' म्हणालं तर — लवकर ये, बाईसाहेब जिन्यावर आहेत. बसच्या भाड्यासाठी थांबू नकोस, सगळी मजुरी सोबत पाठवतोय, नऊ शिलिंग, चार पेन्स आणि —