दुपारची झोप लागेल असं घर

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि पत्र मी आज लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं. शाळेतून आलेली चिठ्ठी तुम्ही माझ्याकडूनच वाचून घ्यायचात आणि मी तेवढी तक्रार गाळून बाकीचं मोठ्यानं वाचायची. तुम्हाला ते कळत असणार, असं आता वाटतं.

रेणापूरच्या आसपास तुम्ही किती घरं बांधलीत, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. पण आत दुपारची झोप काढून बघितल्याशिवाय तुम्ही एकही घर मालकाच्या ताब्यात दिलं नाही. वैशाखातलं ऊन डोक्यावर आलं की तुम्ही हातपाय धुऊन, उशाला टॉवेल घेऊन उघड्या फरशीवर आडवे व्हायचात. शाळेला सुट्टी असली की मलाही बरोबर न्यायचात, शेजारी निजवायचात आणि माझ्या कपाळावर घाम येतो का, ते बघत राहायचात. मोठं माणूस थकून कुठंही झोपतं, लेकरू झोपलं तर घर खरं, असं तुमचं गणित होतं. गाव हसायचं. मिस्त्री झोपायची मजुरी घेतो, म्हणायचं. मलाही तेव्हा लाज वाटायची, पण झोप मात्र छान लागायची.

एका मास्तरांच्या घराचा तो दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत आहे, मांडव पडलाय, उदगीरचे पाहुणे येऊन बसलेत. तुम्ही अर्ध्या तासात घामानं भिजून उठता आणि सांगता, घर अजून झालं नाही. मास्तर चिडतात. पाहुण्यांसमोर शोभा करता का, असं बरंच बोलतात. तुम्ही छिन्नी-हातोडा घेऊन छताजवळ समोरासमोरच्या भिंतींना भोकं पाडायला लागता आणि मान न वळवता म्हणता, "पाव्हणं परवा जातील मास्तर. ऱ्हायचं तुमाला हाय." नव्या चुन्यावर सगळी धूळ बसली. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याच घरात अख्खी पंगत घोरत होती.

लातूरला तंत्रनिकेतनात गेल्यावर मी शहाणी झाले. पहिल्या वर्षी मी एका घराचा नकाशा काढला होता, त्याला पैकीच्या पैकी मार्क पडले होते. तो तुमच्यापुढं पसरला. मावळतीच्या भिंतीला भली मोठी काचेची खिडकी होती, मला तिचाच अभिमान. तुम्ही बराच वेळ बघितलंत आणि विचारलंत, यात निजून बघितलंस का? मी म्हणाले, अण्णा, हा कागद आहे. "मंग कागदालाच निजव तिथं," तुम्ही म्हणालात आणि जेवायला उठलात. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. आज मी जे काही जाणते, ते त्या एका टोमण्यावर उभं आहे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

आता मी नांदेडला असते. सरकारी घरकुलांच्या वसाहती कशा बांधाव्यात, याचे नियम बदलावेत म्हणून नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांतल्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवते. समोरासमोर झरोके, छताला पांढरा चुना, मावळतीला कडुलिंब, छतावरचं पाणी बोअरजवळच्या खड्ड्यात. हे सगळं नियम ठरवणाऱ्या समितीतल्या साहेबांना पटायचं आणि फायलीत जाऊन पडायचं. शेवटी मी एक कलम वाढवलं. घर ताब्यात देण्याआधी तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं उन्हाळ्यातल्या दुपारी पंखा बंद करून दोन तास आत बसावं. साहेब लोक पोट धरून हसले. मी म्हणाले, मग पुढची बैठक तिथंच घेऊ.

आणि खरंच घेतली, अण्णा. उदगीर रस्त्यावरच्या नव्या वसाहतीत, दुपारी दोनला, दार लोटून. पंधरा मिनिटांत अध्यक्षांनी कॉलरची गुंडी काढली, विसाव्या मिनिटाला सगळी समिती बाहेर. झाड एकही नव्हतं, म्हणून मोठमोठी माणसं गाडीच्या सावलीत खेटून उभी राहिली. ते घर जिच्या नावावर निघालं होतं, ती म्हातारी उंबऱ्यात बसून हे बघत होती. शांतपणे म्हणाली, "तुमी भायेर आलाव. आमी कुटं जावं?" आज लातूरच्या बैठकीत सगळी कलमं मंजूर झाली, झोपेचंसुद्धा. त्या वसाहतीची घरंही आता झरोके पाडल्याशिवाय ताब्यात द्यायची नाहीत, असं ठरलं. मला रडू आलं, ते मी घाम पुसल्यासारखं पुसलं.

पुढचं सांगण्यासाठीच खरं तर हे पत्र. बैठक संपताना अध्यक्षांनी विचारलं, मॅडम, ही दोन तास बसण्याची कल्पना कुठली? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, पुण्याला एका प्रशिक्षणात शिकले. का म्हणाले, कोण जाणे. मिस्त्रीची पोर म्हणून नियमाचं वजन कमी होईल, असं त्या क्षणी वाटलं असेल. इतिवृत्तात तेच लिहिलं गेलं.

खाली जिन्यापाशी समितीच्या गाडीचा ड्रायव्हर थांबला होता. रेणापूरकडचा, वयानं माझ्याएवढाच. म्हणाला, "म्याडम, आमच्याकडं एक मिस्त्री व्हते, ते बी असंच झोपून बगायचे. आमच्या घरात आजूनबी दुपारची झोप लागती बगा. माय रोज त्यांचं नाव घेती." मग त्यानं तुमचं नाव घेतलं, आडनावासकट, आणि विचारलं, वळखता का?

वर नुकतंच खोटं बोलून आले होते. मी नाही म्हणाले, अण्णा.