उभे ड्रम आणि पालथा मी

तीर्थस्वरूप भाऊजींच्या चरणी साष्टांग नमस्कार.

(साष्टांग हा शब्द सवयीने लिहिलेला नाही. गेले पंधरा दिवस मी बोटीच्या तळाशी इंजिनापुढे पालथाच पडलेला आहे. फक्त तोंड तुमच्या गावाकडे करायचं बाकी होतं.) तुमचा गुडघा आता कसा आहे? ताईचा खोकला गेला का? आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोन न करता पत्र का, हे तुम्हाला ठाऊक आहे. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्रात मध्येच "ते राहू दे, आधी मला सांग" असं म्हणायची सोय नसते, म्हणून आज मी मनसोक्त बोलणार आहे आणि तुम्ही शेवटपर्यंत ऐकणार आहात.

आपल्या फेरीच्या बोटीचा परवाना नव्याने करून घ्यायचं हे वर्ष. तपासनीस स्वतः बोटीत बसून नदी पार करतो, परत येतो आणि मग शिक्का मारतो. बाबांच्या काळात हा सोहळा चहा पिण्याइतकाच अवघड होता. या वेळचा तपासनीस नवा, पांढरे बूट घालणारा. मी बोट धुतली, दोऱ्या बदलल्या, स्वतःची दाढी केली. नदीच्या बरोबर मधोमध इंजिन दोनदा खोकलं (ताईसारखं नाही, ताईचा खोकला निदान पुन्हा सुरू होतो) आणि गप्प झालं. बोटीत गणिताचे मास्तर होते. त्यांनी घड्याळात पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय हो, पलीकडची शाळा आता उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरच गाठायची का?" लोक हसले. तपासनीसही हसला, आणि हसत हसतच त्याने वहीत लिहिलं: इंजिन भरवशाचं नाही. बाबांनी बसवलेल्या इंजिनाबद्दल! मला सांगा, माणसाने नदीत उडी मारायची ती याहून वेगळ्या कोणत्या प्रसंगी?

मग आमच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो पेचकसाचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटतो. त्याने फिल्टरखालची काचेची वाटी काढली, उजेडात धरली, आणि घरच्या माणसांना बाहेर घेऊन बोलतात तशा आवाजात म्हणाला, "मालक, तुमच्या डिझेलला जलोदर झालाय." वाटीत तळाला पाणी, वर डिझेल. मी त्याला म्हटलं, अरे, बोट पाण्यावर चालते हे मलाही माहीत आहे, पण ती पाण्याने चालत नाही. त्यावर तो म्हणाला की फिल्टर बदलतो, टाकी उपसतो, नळ्यांमधली हवा काढतो, पण पाणी येतंय कुठून हे शोधणं त्याचं काम नव्हे. म्हणजे रोग्याला बरं करणार, पण विहीर कोणती ते सांगणार नाही! असल्या डॉक्टरला काय म्हणावं?

पाणी कुठून येतंय हे शोधायला मला काही वेळ लागला नाही. मी सरळ डिझेल पंपावर गेलो आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर पंपवाल्या बाईंना चार शब्द सुनावले. (चार म्हणजे चारच नव्हेत. भेसळ, पाप, बुडणारी माणसं, माझे बाबा, असे बरेच विषय आले.) बाई शांतपणे ऐकत होत्या. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाल्या, "ओरडून झालं? आता ही बरणी धरा." त्यांनी माझ्या हातातल्या बरणीत पंपाचं डिझेल भरलं, झाकण लावलं, माझ्याच सहीची चिठ्ठी वर चिकटवली आणि बरणी स्वतःच्या टेबलावर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गेलो. बरणी स्वच्छ, चकचकीत, तळाला थेंबभर पाणी नाही. रांगेत कालचेच दोघंतिघं होते, ते मुद्दाम आले असावेत असा माझा अजून संशय आहे. बाईंनी ती बरणी मला भेट म्हणून दिली. भाऊजी, अपमान पुष्कळ झाले, पण झाकण लावून घरी नेण्याजोगा हा पहिलाच.

डिझेल चांगलं आहे हे सिद्ध झाल्यावर मी तेच नवं डिझेल आणलं. आलेलं डिझेल एक दिवस मागच्या अंगणातल्या ड्रममध्ये विसावलं पाहिजे, थेट बोटीत जाता कामा नये, ही बाबांची शिस्त. ती मी पाळली आणि तपासनीसाला दुसऱ्यांदा बोलावलं. या वेळी इंजिन मधोमध बंद पडलं नाही. ते पलीकडच्या काठाजवळ, वाळूच्या पट्ट्यापाशी बंद पडलं. तपासनीसाला बूट हातात घेऊन, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उतरावं लागलं. पिवळ्या बोटीवाला तिकडेच काठावर उभा होता (तोच, जो आपली फेरी मिळावी म्हणून वर्षभर टपून बसलाय). त्याने हात पुढे करून तपासनीसाला वर घेतलं आणि स्वतःच्या पंच्याने त्याचे पाय पुसून दिले. पाय, भाऊजी! तपासनीसाने मला काठावरूनच सांगितलं, "गुरुवारी तिसरी आणि शेवटची चाचणी. नाहीतर फेरी यांच्याकडे." चाळीस वर्षं बाबांनी चालवलेली फेरी पाय पुसणाऱ्याकडे जाणार, या विचाराने मी त्या दिवशी जेवलो नाही. (दुपारी जेवलो नाही. संध्याकाळी हिने वाढलं तेव्हा तिचं मन मोडवेना.)

आता ऐका, कारण आता तुम्ही येणार आहात. माझी भेटीची बरणी पाहून आमच्या हिच्या डोक्यात आलं की जे पंपाला लागू तेच आपल्यालाही लागू. तिने स्वयंपाकघरातून सहा बरण्या काढल्या, आपल्या सहाही ड्रममधून तळाचं डिझेल हातपंपाने ओढून भरलं आणि खिडकीत ओळीने मांडल्या. सकाळी सहाही बरण्यांच्या तळाशी पाण्याचा थर. मी म्हटलं, बुचं घट्ट आहेत, मी स्वतः पान्याने आवळलीत, पाणी आत जाईलच कसं? ती मला हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेली. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. ड्रमच्या डोक्यावर, काठाच्या आत, ताटलीत ओतावं तसं पाणी साचलं होतं आणि दोन्ही बुचं त्यात बुडालेली. तिने कोळशाने पाण्याच्या कडेला रेघ मारली. उन्हाने ड्रम तापले, मग आभाळ येऊन गार पडले, आणि पाणी रेघेपासून दोन बोटं आत सरकलं होतं. "तापला की हवा सोडतो, गार झाला की ओढतो," ती म्हणाली. "हवेच्या जागी पाणी असलं तर पाणी ओढतो. ड्रमला काय कळतंय?"

आणि हे ड्रम उभे कोणी केले? बाबांच्या वेळी ते लाकडी ओंडक्यांवर आडवे असत, बुचं दोन्ही बाजूंना, आतून डिझेलने झाकलेली, म्हणजे पावसाचं पाणी वरून ओघळून जाई. गेल्या वर्षी तुम्ही आठ दिवस पाहुणे म्हणून आलात. मोठ्या जहाजांवरचे निवृत्त मुख्य अभियंता! तुम्ही अंगणात आलात, कमरेवर हात ठेवलेत आणि म्हणालात, "हे ड्रम आहेत की दारू पिऊन पडलेले खलाशी?" तुम्ही ते उभे केलेत, एका रेषेत लावलेत, पांढरा रंग दिलात, वर आकडे घातलेत. आम्ही सगळे कौतुकाने पाहत उभे होतो. शेजारी फोटो काढून गेले. तुमच्या त्या शिस्तीने, भाऊजी, माझ्या इंजिनात नदी शिरली! मी पंपवाल्या बाईंवर ओरडलो, डॉक्टरशी भांडलो, मास्तरांशी बोलणं सोडलं, आणि गुन्हेगार निघाला माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा.

ड्रम मी पुन्हा आडवे केले आहेत. तळाचं पाणी उपसून टाकलं. फिल्टरच्या वाटीचा खालचा स्क्रू रोज सकाळी सैल करून पाणी आहे का पाहतो. टाकी संध्याकाळी भरूनच ठेवतो, म्हणजे आत ओलसर हवेला जागा नको. तुमच्या मदतीची, सल्ल्याची अथवा रंगाच्या डब्याची मला मुळीच अपेक्षा नाही. गुरुवारी जे व्हायचं ते होईल. ताईला नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा (नाइलाजाने) मेहुणा

ता. क. एक लहानशी गोष्ट लिहायची राहिली. दोनदा नापास झालेल्या बोटीवर तिसऱ्या वेळी पदवीधर अभियंता इंजिनापाशी हजर असावा लागतो, असा नियम आहे. डॉक्टरला पदवी नाही, नुसता पेचकस आहे. तेव्हा तुम्ही बुधवारपर्यंत या, आणि येताना तुमचं प्रमाणपत्र आणा. गुडघा दुखत असेल तर बोटीत उशी ठेवतो. वरचा मजकूर रागाच्या भरातला समजावा.

ता. क. २. आमच्या हिला शेडच्या दारामागे खिळ्याला अडकवलेला एक कागद सापडला. अक्षर तुमचं. "ड्रमांवर ताडपत्री कायम असावी. प्रत्येक ड्रमखाली एका बाजूला वीट, म्हणजे पाणी बुचांपासून दूर राहील." विटा मी बोटीत चढायला पायरी म्हणून वापरल्या. ताडपत्री कापून माझ्या सुकाणूवर छत केलं; सावली छान पडते. हे वाचून तुम्ही काही बोलू नये. बोललात तर गुरुवारनंतर बोला.

ता. क. ३. पाकीट बंद करताना कळलं की हिने परवाच तुम्हाला फोन केला होता आणि तुम्ही उद्या सकाळच्या गाडीने इथे येताय. म्हणजे हे पत्र पोहोचेल तेव्हा तुम्ही इथे असाल आणि पाकीट ताई फोडेल. ताई, पत्र टाकणारच नव्हतो, पण तुझ्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला झाकायची ती निळी ताडपत्री आहे ना, ती लगेच पाठव, भाऊजी ड्रमांवरच्या ताडपत्रीची चौकशी केल्याशिवाय राहणार नाहीत. आणि पहिली दोन पानं चुलीत घाल. तुझ्या नवऱ्याइतका शिस्तीचा माणूस मी पाहिला नाही, हे मी पहिल्यापासून म्हणत आलोय.