पुढचं डावं चाक

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझा निरोप मिळाला. आम्ही तिघंही बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत दुखतो तेवढा दुखतोय. फोनवर तू मध्येच विनोद करतोस आणि विषय तिथेच राहतो, म्हणून लिहून पाठवतेय. सलग वाच.

'बाबांना आता गाडी झेपत नाही, तू ती चालू करून ठेव, पुढच्या महिन्यात येऊन घेऊन जातो,' असं तू म्हणालास. त्यासाठी तीन रविवार गॅरेजमध्ये घातले. सहा वर्षं झाकून ठेवलेली गाडी काय चीज असते ते तुलाही कळू दे. मागच्या सीटमध्ये उंदरांच्या दोन-चार पिढ्या झाल्या होत्या. कापूस, लेंड्या आणि वाळून पापडासारखा चपटा झालेला एक उंदीर. तो मी पक्कडीने काढला. ब्रेकचं तेल चहाच्या गाळासारखं झालं होतं. केस दोनदा धुतले तरी वास जात नाही.

मग चाकं काढली. तीन चाकांच्या ड्रममध्ये, म्हणजे ब्रेकच्या गोल डब्यांत, विशेष काही नव्हतं. पुढच्या डाव्या चाकाचा ड्रम ठोकून ठोकून सोडवला, तर आत वरच्या स्प्रिंगच्या जागी बाइंडिंग वायर. तीन पीळ, आणि टोक कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून आत वळवलेलं. आपल्या घरात टोक असं तूच वळवतोस. गच्चीवरच्या कपड्यांच्या तारेलाही तसंच आहे.

तुला नीट माहीत नसेल म्हणून सांगते. ब्रेक दाबला की आतले दोन्ही शू, म्हणजे त्या अर्धगोल पट्ट्या, फाकतात आणि ड्रमला घासतात. पाय उचलला की स्प्रिंग त्यांना मागे आणते. स्प्रिंग ताणली जाते, वायर ताणली जात नाही. म्हणजे डाव्या चाकाला ब्रेक नव्हताच. उजवं एकटंच थांबायचं आणि गाडी उजवीकडे वळायची.

उजवीकडे गेटचा खांब होता.

"मी ब्रेकच दाबला, गाडीने उजवीकडे ओढलं," हे बाबा त्या अपघाताच्या दिवशी दवाखान्यात किती वेळा म्हणाले, आठवतं? आई स्ट्रेचरवरून म्हणाली, "ब्रेक समजून काय दाबलंत कोण जाणे." आणि तू त्यांच्या खिशातून किल्ली काढून घेतलीस. "बाबा, वय होतं माणसाचं." एकोणसाठ वर्षांचे होते ते. तेव्हापासून कुठेही बसने जातात, आणि रस्ता ओलांडतानाही आईला विचारतात.

शनिवारी दुपारी नवी स्प्रिंग बसवायला घेतली. एक टोक अडकवलं की दुसरं सेंटिमीटरभर कमी पडायचं. पक्कड तीनदा सटकली, बोटाचं सालटं निघालं. चौथ्यांदा स्प्रिंगच उडाली आणि हत्यारांच्या कपाटाखाली गेली. बाबा दारात स्टुलावर बसले होते.

"तुझ्या दादाचीही अशीच उडाली होती," म्हणाले. "त्याला म्हटलं, थांब, मी दाखवतो. तर म्हणे, मला येतं."

मी पालथी पडून कपाटाखाली हात घातला. कोळिष्टकं, झुरळांची अंडी, आणि दोन स्प्रिंगा. एक नवी, एक गंजलेली.

बाबांनी दोन्ही तळहातावर घेतल्या. "ही इथे होती, तर मग आत काय होतं?"

"दुसरी लावली असेल त्याने," मी म्हटलं.

वायर माझ्या खिशात होती.

आता तुला वाटत असेल, सगळं तुझ्यावर ढकलतेय. तू वायर बांधलीस तेव्हा टॉर्च मी धरला होता. तू विचारलंस, "काय इंजिनीअरबाई, पास की नापास?" मी दुसऱ्या वर्षाला होते. याच ब्रेकची आकृती काढून परीक्षेत दहापैकी नऊ मिळवले होते. वायर मला स्वच्छ दिसली. शू फाकणार नाहीत हेही दिसलं. पण माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, तेलाचा वास नकोसा झाला होता, आणि मला हात धुवायचे होते. मी म्हटलं, "पास."

तुला माहीत नव्हतं. मला होतं.

पुढे अकरा दिवस बाबा म्हणत होते, गाडी जराशी ओढतेय. तू म्हणालास, रस्ताच उतरता आहे. मी जेवत होते, जेवत राहिले. अपघातानंतरही चाक उघडून बघू, असं तू कधी म्हणाला नाहीस. मीही नाही. उंदराची किळस साबणाने जाते, दादा.

बाबांनी दोन्ही शू जमिनीवर घेतले, स्प्रिंग आधीच त्यांच्यात अडकवली, आणि अर्धवट मिटलेल्या पुस्तकासारखे ते जागेवर टेकवले. "आता दोन्ही बाजूंनी दाब. उघड पुस्तक." खट् करून बसले. दोन तासांचं काम चार सेकंदांत.

मग ब्रेकमधली हवा काढायची होती. त्याला आत बसून पेडल दाबणारं माणूस लागतं. बाबा सहा वर्षांनी त्या सीटवर बसले. मी चाकाशी.

"दाबू?"

"दाबा."

"सोडू?"

"सोडा."

असं बारा वेळा. प्रत्येक वेळी विचारत होते, जणू पाय दुसऱ्या कुणाचा आहे. तेराव्या वेळी मी उठले, वायर त्यांच्या हातात दिली आणि सांगून टाकलं. आधी माझं, मग तुझं.

त्यांनी तिन्ही पिळांवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे ओढलं होतं."

"हो, बाबा."

"उजवीकडे."

"हो."

मग म्हणाले, "जा, हात धू." ओरडले असते तर बरं झालं असतं.

आईला मीच सांगितलं. ती गॅरेजच्या दाराशी गेली आणि बाबांना म्हणाली, "अहो, संध्याकाळी एक चक्कर मारू या." सहा वर्षांत ती त्या गाडीजवळ फिरकली नव्हती.

गाडी तुला मिळणार नाही. पण ये. किती वाजता पोचतोस ते कळव, बाबा स्टेशनवर घ्यायला येतील. आई आणि मी मागे बसू, पुढची सीट तुला. घरी यायला वीस मिनिटं लागतात. तुला जे बोलायचंय त्याला पुरतील.

वायर सोबत पाठवतेय. टोक आत वळवलेलंच आहे, लागणार नाही.

तुझीच,
टॉर्च धरणारी