आठवं मत

९ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६
निवडून आलो. अपक्ष. एक्केचाळीस मतांनी. लोकशाहीत आकडा गौण असतो.

पंचायत समितीचे एकूण आठ सदस्य. इंदूबाईंच्या पॅनेलचे चार, मालोजीतात्यांच्या आघाडीचे तीन, आणि मी. बहुमत कुणालाच नाही. मी गेल्याशिवाय इंदूबाईंचे पाच होत नाहीत. तात्यांकडे गेलो तर चार-चार होतात आणि सभापतिपदाची चिठ्ठी टाकावी लागते. थोडक्यात, तालुका माझ्या खिशात.

शकूरने स्वतःच्या टेंपोवरून मिरवणूक काढली. चौक गावापासून लोधिवलीपर्यंत, नुसता गुलाल. शाळेपासूनचा दोस्त. प्रचाराची सगळी धावपळ त्याचीच. ठाकरवाडीत उतरून मैनाला आणि इतर बायकांना पुन्हा शब्द दिला. ओढ्यावरचा साकव, म्हणजे पायी जायचा पूल, जो लेखी देईल त्यालाच माझं मत. टाळ्या.

वाडीची झाडून सगळी मतं मला पडली, त्याचं श्रेय बॅनरवरच्या फोटोला. गेल्या श्रावणात मैनाला साप चावला, ओढ्याला पूर, आणि तिच्या झोळीचा बांबू माझ्या खांद्यावर. खाली ओळ: कमरेएवढ्या पाण्यातून नेलं. फोटो चांगलाच आलाय.

संकल्प: सत्ता डोक्यात जाऊ द्यायची नाही. उद्यापासून पहाटे चालणे.

१० फेब्रुवारी, मंगळवार
चाललो नाही. फोन सुरूच. रसायनीला कंपनीत रजेचा मेल टाकला. कारण: सत्तास्थापना. एचआरने कळवलं की असा ऑप्शन सिस्टीममध्ये नाही. मग 'आजारपण' निवडलं. थोडं वाईट वाटलं. घसा खरंच बसलाय म्हणा.

११ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११
इंदूबाई स्वतः घरी आल्या. सोबत कुणी नाही. पिशवीतून कागद काढला. पहिल्याच सभेत साकवाचा ठराव, खाली चारही सदस्यांच्या सह्या. वर मला उपसभापतिपद. म्हणाल्या, "जितेश, तुझ्याच अटीवर आलेय. आता हो म्हण."

मी म्हटलं, विचार करतो.

त्या गेल्यावर सुप्रियाने विचारलं, "विचार कसला करायचा उरलाय? तू मागितलंस तेच त्यांनी दिलं की." बायकोला राजकारण कळत नाही. पहिल्याच ऑफरला हो म्हणणारा माणूस हलका दिसतो. शिवाय 'उप' हा शब्द मला पहिल्यापासून खटकतो.

कागद कपाटात ठेवला. साड्यांखाली. का, ते माहीत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
शकूरचा फोन. लेखी मिळालं का रं? मी म्हटलं, बोलणी चालू आहेत. हे खोटं नाही. तात्यांशी चालू आहेत.

दुपारी तात्या भेटले. खालापूरच्या हॉटेलात, मागच्या टेबलावर. थेट मुद्द्यावर आले. सभापती तूच. आमचे तीन आणि तू, चार-चार, चिठ्ठी. तुझं नशीब जोरात आहे, पहिल्याच इलेक्शनला कोण निवडून येतं? मी साकवाचं विचारलं. हसले. म्हणाले, "अरे, सभापती झाल्यावर साकव तूच मंजूर करशील. दुसऱ्याकडं कशाला मागतोस?"

यात लॉजिक आहे. दोनदा तपासून पाहिलं. म्हणजे तात्यांकडे जाणं हे खरं तर वाडीच्याच हिताचं आहे. फक्त वाडीला इतक्यात सांगण्यात अर्थ नाही, त्यांना प्रोसेस समजणार नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार
कर्जतजवळच्या रिसॉर्टवर आलो. तात्या, त्यांचे दोघे आणि मी. शुक्रवारी वीसला निवड, तोवर इथेच. मुंबईची माणसं इथे येताना किती तास ट्रॅफिकमध्ये बसतात, आम्ही चाळीस मिनिटांत आलो. गच्चीवरून आमचाच डोंगर दिसतो.

मोबाइल तात्यांच्या माणसाने टोपलीत गोळा केले. त्याआधी शकूरला मेसेज टाकला: अभ्यासदौऱ्यावर आहे. त्याने अंगठा पाठवला. त्या अंगठ्याकडे बघवलं नाही.

स्विमिंग पूलमध्ये नायलॉनची चड्डी कंपल्सरी आहे. माझ्याकडे नाही. काठावर बसलो.

१५ फेब्रुवारी, रविवार
महाशिवरात्र. मन शुद्ध करण्यासाठी कडक उपास धरायचं ठरवलं. पाण्यावर.

सकाळी ९.४०: बुफेमध्ये इडली होती. तांदूळ आंबवलेला असला की उपास तितकासा मोडत नसावा.

तिसरी इडली घेताना समोरून टेबलं पुसत एक बाई आली. मंगळी. मैनाची धाकटी बहीण. इथे कामाला आहे हे मला माहीत नव्हतं. मी चटणीच्या भांड्यावर वाकलो. बराच वेळ वाकून राहिलो. मान वर केली तर ती तिथेच. म्हणाली, "भाऊ, आजून चटनी आनू का?"

बहुधा ओळखलं नसावं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
खोलीत बसून सभापतीचं पहिलं भाषण लिहिलं. सव्वा पान. साकवाचा उल्लेख चार वेळा. बरं वाटलं. मग झोळीच्या प्रसंगावर आलो आणि पेन अडलं.

ही वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. त्या दिवशी झोळीचा बांबू मी धरला होता, हे खरं आहे. ओढ्याच्या अलीकडे. वीसेक पावलं. फोटो निघाला, मग माझी चप्पल चिखलात अडकली आणि शकूरने खांदा दिला. पाण्यात उतरला तो शकूर. फोटो दोन मिनिटांनी काढलेला असता तर बॅनरवर तो असता. हा केवळ टायमिंगचा प्रश्न आहे.

तरी झोप लागली नाही. गादी फार मऊ आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ४
सविस्तर लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही.

तात्या आणि त्यांचे दोघे पहाटेच देवदर्शनाला म्हणून निघून गेले. मला रिसॉर्टच्या गाडीने पाठवलं. सभागृहात पोचलो तर तिघे इंदूबाईंच्या शेजारी बसलेले. सगळ्यांच्या कपाळाला एकच गंध. चार आणि तीन सात. हे गणित मला गेल्या अकरा दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं.

माझा अर्ज भरलेला होता. सूचकाची सही तात्या आत गेल्यावर करणार होते. मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, "पेन नाय रे माझ्याकडं." मी पेन दिलं. त्यांनी ते खिशाला लावलं.

अधिकाऱ्यांनी वाचून दाखवलं: सूचकाची सही नाही, अर्ज बाद. इंदूबाई सभापती, तात्या उपसभापती, बिनविरोध. मतदान झालंच नाही. माझं मत कुणाला द्यायचं यावर मी इतका विचार केला, आणि कुणी मागितलंसुद्धा नाही.

बाहेर शकूरचा टेंपो उभा. वाडीच्या बायका भरून आणलेल्या, नव्या लुगड्यांत. मैना पुढे आली. "साकवाचा काय झाला?"

प्रोसेसमध्ये आहे, म्हणालो.

शकूर टेंपोचं मागचं फाळकं लावत राहिला. ते आधीच लागलेलं होतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार
दिवसभर पांघरुणात. सुप्रियाने साड्यांखालचा कागद काढून चहाच्या कपाशेजारी ठेवला. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार
वाडीवर जाऊन आलो. एकटा. ओढा कोरडा आहे, बूटसुद्धा भिजले नाहीत.

मैना अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. शकूर आधीच तिथे होता, हे अपेक्षित नव्हतं. मी बसलो. सुरुवात केली की तात्यांनी दगा दिला. मैना सोलता सोलता म्हणाली, "मंगळीनं सांगलाय. तुमी इडली खात व्हता."

मग कागदाचं सांगितलं. इंदूबाईंनी लेखी दिलं होतं आणि मी ते दहा दिवस दडवून ठेवलं. शकूर म्हणाला, "तेबी म्हाईत हाय. बाई निवडीच्या आदल्या दिवशी माज्याकडं आलेल्या, तुजा पत्ता इचारत. मी म्हनलो, अभ्यासाला गेलाय."

त्यानंतर मी थांबायला हवं होतं. पण एकदा सुरुवात झाली की माणूस वाहवत जातो. म्हटलं, मैना, झोळीचंही एक सांगायचं राहिलं. तुला पाण्यातून मी नाही नेलं.

तिने शेंग खाली ठेवली. "भाऊ, झोळीत मीच व्हते. कोन उचालतो न् कोन सोडतो, मला आतून दिसत नसंल का?"

मी विचारलं, मग मत का दिलंत?

"शकूरभाऊ बोलला, मानूस बरा हाय, जरा मागं ऱ्हातो इतकाच."

शकूर वालाच्या ढिगाकडे बघत होता. मी त्याला सॉरी म्हणालो. इंग्रजीत. मराठीत तोंडून येईना. तो म्हणाला, "जाताना वाल घेऊन जा, मैनानं काडून ठेवलेत." घेतले. नाही म्हणायला हवं होतं.

१२ मार्च, गुरुवार
समितीची पहिली सभा. विषय क्रमांक एक: ठाकरवाडीचा साकव. मी आणलेला नाही. मैना आणि नऊ बायका तीन दिवस इंदूबाईंच्या अंगणात बसून होत्या. शकूर त्यांना सकाळी सोडायचा, संध्याकाळी न्यायचा. मला कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर गेलो असतो, असं वाटतं.

भाषण सोबत नेलं होतं. साकवाचा भाग तसाच ठेवला, बाकीचं कापलं. अर्धं पान उरलं. उठायचं धाडस झालं नाही. दारात मैना उभी होती, शकूरही.

इंदूबाईंनी ठराव वाचला. मंजूर? सात हात वर गेले. "मंजूर," म्हणाल्या आणि पान उलटलं.

तेव्हा माझा हात वर गेला.

लिपिकाने बघितलं. विचारलं, "साहेब, काही बोलायचंय का?"

नाही म्हटलं. खाली घेतला.