फॉर्म नंबर एकसष्ट

९ जुलै २००७, सिहोरा

आज सात फॉर्म. सातही बाया ठणठणीत! धानाच्या रोवणीनं कंबर मोडलेली, डोळे खोल गेलेले, पण नऊ नंबरच्या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर — नाही. नऊ नंबर म्हणजे 'मरावंसं वाटतं का?' सरांचा अभ्यास खेड्यातल्या बायांच्या नैराश्यावर. सोळा गुण पडले की नाव यादीत, आणि तुमसरच्या शिबिरात मनाच्या डॉक्टरकडून वर्षभराची औषधं फुकट. साठ फॉर्म झाले. यादीत एक नाव नाही.

सर नागपूरहून फोनवर खूश. म्हणाले, एकत्र कुटुंबाची ताकद दिसते बघ. माझं डोकंच फिरलं.

१० जुलै

फॉर्म एकसष्ट. गोदावरीबाई. वय चौतीस, दिसते पन्नासची. सासू शकुनबाई बाजेवर बसून तिच्या आधी उत्तरं देत होती. छंदात मन लागतं का, विचारलं तर गोदावरीबाई म्हणते, छंद म्हंजे काय जी? काय सांगणार, कप्पाळ! एकटं वाटतं का — घरात नऊ माणसं, म्हणून 'नाही'. डोक्यात भगभग होते, छाती धडधडते, घास उतरत नाही, एवढं मात्र ती आपणहून बोलली. पण आमच्या नियमात अंगाचं दुखणं मोजायचं नाही. नऊ नंबरला तिनं दिव्याकडे पाहिलं. नाही म्हणाली.

एकूण गुण नऊ. निघताना तिनं माझा हात धरला तो सोडेचना.

११ जुलै

कामात लक्ष नाही. तो हात!

१३ जुलै, भंडारा

घरी आले. आईला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. 'दिवा लागल्यावर सवाष्णीच्या तोंडून मरणाचं नाव निघन का वं? अन् तेही सासूसमोर?'

खरंच की! दिवसा बाया धानाच्या बांधीत असतात, म्हणून आम्ही सगळे फॉर्म दिवेलागणीला भरतो. सोय आमची. मी याच जिल्ह्यातली, मानसशास्त्रात एम.ए., आणि हे मला कळू नये! लाज वाटते स्वतःची.

मग प्रश्नावलीच्या पुस्तिकेमागची बारीक अक्षरं वाचली. सोळाचा आकडा आला कुठून? शहरातल्या कॉलेजच्या दोनशे विद्यार्थ्यांवरून. सगळी पोरं. एकही बाई नाही.

१६ जुलै, सिहोरा

सकाळीच गोदावरीबाईला बांधीत गाठलं. चिखलात उतरून तिच्यासोबत रोवू लागले. सासू घरी होती. मी काही विचारायच्या आत तीच बोलली, मान खाली, हात चालूच. 'विहिरीवर गेली का उडी टाकाव वाटते. रोजच.'

सरांना फोन केला. म्हणाले, वेळ बदलली, जागा बदलली, हे उत्तर धरता येत नाही. आणि वर — 'मुली भावनिक होतात, दामिनी. म्हणूनच मला या कामाला मुलं हवी होती.' मी 'हो सर' म्हणून फोन ठेवला. 'हो' का म्हटलं?

१७ जुलै

केलं एकदाचं. नऊ नंबरचं 'नाही' खोडून 'नेहमी' लिहिलं. आणखी तीन उत्तरं फिरवली. एकूण सतरा. यादीत एक नाव तरी लागेल!

२३ जुलै

शकुनबाईला पटवलं — डोक्याच्या भगभगीवर गोळ्या मिळतात, सुनेला घेऊन जा. गोदावरीबाईला बाजूला घेऊन म्हटलं, तिथं बेधडक सांगा. खरंच लिहून घेतीन का, तिनं दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं.

३१ जुलै

मी दिवसभर चिखला गावात फॉर्म भरत होते. शिबिरात खिडकीवर यादी घेऊन अनुप बसला होता, माझ्यासोबत फॉर्म भरतो तोच. आत्ता त्याचा फोन आला. खाडाखोड दिसली म्हणून सरांनी एकसष्ट नंबर रद्द केला होता. नाव नव्हतं. त्यानं परत जायला सांगितलं, तर गोदावरीबाई खिडकीचे गज धरून, सगळ्या रांगेसमोर, मोठ्यानं म्हणाली, 'मले मराव वाटते जी. लिहून घ्या.'

शकुनबाई तिच्या मागेच उभी होती.