तीनशे नऊ अंक

मंगळवार, ता. १४

प्रिय भाऊजी,

तुम्ही, जाऊबाई, मुलं सगळी बरी असाल. माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतो.

त्या सकाळी मी ओटा पुसला, पाणी भरलं, दूध गॅसवर ठेवलं. हे टेबलाशी बसून एका लांबलचक संख्येचे पाच-पाच अंक वाचत होते आणि मी ते उतरवत होते. ह्यांचा सात कुठला नि एक कुठला, ते ह्यांनाच कळायचं. म्हणून कचेरीत जायची प्रत नेहमी माझ्या हातची.

"मूळ संख्या आहे," हे म्हणाले. "एक आणि ती स्वतः सोडून कुणाच्यानं भागत नाही. थेट तुझ्यासारखी."

"पुरे. दूध बघू द्या."

तोवर ते उतू गेलंच होतं.

धरणाची दारं यंत्रावरच्या हुकमानं उघडतात, त्या हुकमाचं कुलूप तुम्ही त्याच संख्येवर बसवलंत. संख्या चारचौघांना दिसली तरी बिघडत नाही, ती तुटत नाही हेच कुलपाचं बळ, असं हे सांगायचे. मग हे पातळी मोजायला कालव्यात उतरले असताना दार उघडलं, आणि हे परत आले नाहीत. हुकूम त्यानंच दिला असणार म्हणून पाळीवरचा माणूस तुरुंगात गेला. त्याची बायको मला पाहून रस्ता बदलते.

तुम्ही तीनदा आलात. दर वेळी तेच, "वहिनी, ते जुने कागद जाळून टाका, उगाच जागा अडते." मी चहा केला, कागद ठेवले. ह्यांची पुस्तकं वाचायला लागले होते. आधी समजेना, मग थोडं समजू लागलं.

गेल्या आठवड्यात दार पुन्हा वीतभर उघडलं. तुम्ही म्हणालात, गंज असेल. पण तो माणूस तर तुरुंगात आहे, भाऊजी. मग हुकूम कुणी दिला? खाली तीन वस्त्या आहेत.

रविवारी मी, ह्यांच्या कागदांबरोबर कचेरीतून परत आलेली माझी प्रत घेऊन बसले. एवढी मोठी संख्या, तिला काय करणार? शाळकरी पोरं करतात तेच केलं, अंकांची बेरीज. तेराशे एकाहत्तर. तिनानं सरळ भाग जातो, म्हणजे कुलूप कुणालाही तोडता येईल असं. पुन्हा केली, तेवढीच. मग ह्यांचा मूळ कागद काढला. त्यात अंक तीनशे नऊ, माझ्यात तीनशे आठ. तिसऱ्या ओळीतला एक पाच नाही. तिथेच माझ्या कागदावर दुधाचा डाग आहे.

ती जागा मी बराच वेळ बोटानं चाचपत राहिले.

प्रतीखाली तुमची सही आहे, 'यंत्रावर तपासून पाहिले'. तपासलं असतंत तर यंत्रानं क्षणात सांगितलं असतं. हे तुम्हाला कधी कळलं, ते मी विचारत नाही. कागद जाळा म्हणालात, त्याच्या आधी कधीतरी.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही कागद चौकशी अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवले. आधी माझा डाग दाखवला, मग तुमची सही.

दूध बघायला उठलेली,
तुमची वहिनी